ताइतांचा डबा
रनाळ्याहून दर महिन्याला तपासणीला येणारी एक मुलगी आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तिच्या पिशवीत दवाखान्याची फाईल, सिकलसेलचे लाल कार्ड आणि एक जुना पत्र्याचा डबा असतो. डब्यात काळे दोरे, तांब्याचे ताईत, कापडात शिवलेल्या मुळ्या, महाशिवरात्रीला देवमोगरा मातेच्या यात्रेतून आणलेला दोरा. एकदा मोजले तेव्हा तेवीस निघाले.

लाल कार्ड म्हणजे रुग्ण, पिवळे म्हणजे वाहक. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळत नाही. तेव्हाची कळ ज्याने सोसली त्यालाच माहीत. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सतत कमी.

आता दोऱ्याचे. ही कळ बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते. घरचे लोक भगताकडे जातात ते दुखणे असह्य झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ‘दोरा बांधा, मंग दोन दिनमा उतार पडना,’ असे तिची आई सांगते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिने डोळ्यांनी तेच पाहिलेले असते. आमच्या गोळीचे श्रेयसुद्धा कधीकधी असेच फुकटचे असते, हे डॉक्टरांनी मान्य करायला हरकत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी एक चूक केली. सिकलसेलच्या तान्ह्या बाळांचे हातपाय सुजतात. पुष्कळदा हेच पहिले लक्षण असते. अशा एका बाळाच्या सुजलेल्या मनगटात दोरा रुतला होता. तो कापणे गरजेचेच होते. पण मी सगळ्या वॉर्डासमोर आईला अंधश्रद्धेवर भाषणही दिले. पुढच्या वेळी ते बाळ आले, ते पांढरे फटक पडलेले आणि पांथरी बेंबीपर्यंत वाढलेली. पांथरीत अचानक रक्त साठले, तर काही तासांत जीव जातो. रक्त चढवून बाळ वाचले. आई एक दिवस घरीच थांबली होती. गळ्यात नवा दोरा होता आणि डॉक्टर पुन्हा ओरडतील ही भीती. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून रनाळ्याच्या मुलीला मी एवढेच विचारले, ‘हा कधी बांधला?’ तिला प्रत्येक दोरा आठवत होता. हा मिरची तोडायला गेले तेव्हाचा. दिवसभर ऊन आणि पाणी घोटभर. हा पहिल्या पावसात भिजले तेव्हाचा. हा दहावीच्या परीक्षेतल्या जागरणाचा, हा तापाचा. नऊ दोरे थंडीतले निघाले. आमच्या फाईलमध्ये यातले निम्मेही नव्हते, कारण निम्म्या वेळा ती दवाखान्यात आलीच नव्हती. त्या डब्यावरून आम्ही तिचे वेळापत्रक ठरवले: शेतात पाण्याची बाटली, हिवाळ्यात पहाटेची थंड पाण्याची अंघोळ बंद, फॉलिक ॲसिड रोज. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले. या गोळीचा गुण यायला काही महिने लागतात आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. तेव्हापासूनच्या दीड वर्षात डब्यात दोनच दोरे वाढले.

दोरा बांधणाऱ्यांना माझे सांगणे असे. सैल बांधा, आत दोन बोटे गेली पाहिजेत. बाळाला धातूचा ताईत चोखू देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली एका वर्षाच्या बाळाला ताइतातल्या शिशाची विषबाधा झाली होती. आणि ताप १०१ च्या वर, छातीत दुखणे, धाप, पोट अचानक फुगणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्या दिवशी आधी दवाखाना. भगत संध्याकाळीही भेटतो.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाची तपासणी झाली. पिवळे कार्ड. लग्न ठरवताना मुलीचेही कार्ड बघायचे, असे मी त्याला सांगितले. तो आठवीत आहे; लाजून बाहेर पळाला.