दोन इंधनांचा संसार

आपल्या बडोदेकर मराठी घरांपैकी पुष्कळांची मुले आज अमेरिकेत स्थिरावली आहेत. तेथे नवी मोटार घ्यावयाची म्हटली की दूरध्वनीवरून वडीलधाऱ्यांचे मत विचारले जाते, आणि त्यात 'प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही' हे नाव हटकून येते. मत देण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

हायब्रिड म्हणजे संकरित गाडी. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकत्र नांदतात. आपल्याकडील इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा यांच्या संकरित आवृत्त्या चालता-चालता आणि ब्रेक लावताना आपली वीज आपणच निर्माण करतात; भिंतीवरची वीज त्यांना घेता येत नाही. प्लग-इन गाडीची बॅटरी मात्र पुष्कळच मोठी असते आणि ती घरच्या विजेवर भरावयाची असते.

उदाहरणादाखल टोयोटाची 'रॅव्ह-फोर प्राइम' घेऊ. ही गाडी २०२० साली अमेरिकेच्या बाजारात आली. तिची बॅटरी १८.१ युनिटांची. तेथील सरकारी चाचणीप्रमाणे ती केवळ विजेवर सुमारे ६८ किलोमीटर जाते. म्हणजे बडोद्याहून आणंदला जाऊन परतीची निम्म्याहून अधिक वाट. तेवढ्यासाठी सुमारे १५ युनिटे लागतात. तेच अंतर पेट्रोलवर कापल्यास सव्वाचार लिटर जळते. आपापल्या गावचे दर घालून हा त्रैराशिकाचा हिशेब कोणासही मांडता येईल. अमेरिकेतील साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर बॅटरी भरण्यास सुमारे १२ तास लागतात, म्हणजे एक रात्र पुरते.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता लेकीकडे राहिलो, तेव्हा अशी गाडी रोज पाहिली. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने तिच्या घरी गाडीला तार जोडली जाई. कचेरी, शाळा, बाजार ही सारी धाव विजेवर होई. पेट्रोलच्या पंपावर जाण्याचा प्रसंग क्वचितच येई. लांबच्या प्रवासास निघताना वाटेत वीज कोठे मिळेल ही चिंता नव्हती. हिवाळ्यात हा पल्ला बराच घटतो, हेही लेकीने सांगितले.

तिच्याच ओळखीच्या एका कुटुंबाकडे हीच गाडी होती. पण बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर आणि खालच्या वाहनतळावर प्लग नाही. परिणामी ते गृहस्थ जवळजवळ सर्व प्रवास पेट्रोलवर करीत. ज्या बॅटरीसाठी जादा किंमत मोजली, तिचे ओझेच ते दररोज वाहून नेत होते.

ही उणीव एकट्यादुकट्याची नव्हे. युरोपीय आयोगाने २०२४ साली प्रत्यक्ष रस्त्यावरील नोंदी प्रसिद्ध केल्या. २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या प्लग-इन गाड्यांमधून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. गृहीत धरले होते तितक्या वेळा मालक गाडीला वीज देतच नव्हते, हे त्याचे मुख्य कारण.

तात्पर्य, ही गाडी घेणाऱ्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. रात्री गाडी उभी राहते तेथे प्लग आहे काय? रोजची धाव बॅटरीच्या पल्ल्यात बसते काय? आणि दररोज तार जोडण्याचा नेम घरात पाळला जाईल काय? तिन्हींस होकार असेल, तर ही गाडी जादा किमतीचे चीज करू शकेल. प्लगच नसेल, तर साधी संकरित गाडी बरी. ती हलकी, स्वस्त आणि कोणाच्या नेमावर अवलंबून नसते. लांबचा प्रवास विरळा आणि प्लग घरचा असेल, तर निव्वळ विजेच्या गाडीचाही विचार व्हावा.

तेव्हा मुलांचा दूरध्वनी आला की किंमत आणि रंग यांची चौकशी मागाहून करावी; गाडी रात्री कोठे उभी राहणार, हे आधी विचारावे.