अॅडमिनच्या हातात नेमकं काय असतं?

सोसायटीचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, भावकीचा, गावच्या यात्रा कमिटीचा, द्राक्ष बागायतदारांचा. महाराष्ट्रात क्वचितच एखादा फोन असेल ज्यात यातले तीन-चार तरी नाहीत. प्रत्येक ग्रुपला एक अॅडमिन असतो आणि बहुतेक वेळा ते काम त्याने मागून घेतलेलं नसतं. कुणीतरी ग्रुप काढायला हवा होता, त्याने काढला, एवढंच. पण ग्रुपमध्ये वाद पेटला की तो काहींच्या लेखी हुकूमशहा होतो, तर काहींच्या लेखी सगळ्याला जबाबदार असलेला आरोपी. अॅडमिन असा का वागतो, याचं उत्तर आपण त्याच्या स्वभावात शोधतो. माझ्या मते ते दोन गोष्टींत जास्त सापडतं: त्याच्या हातात खरोखर किती अधिकार आहे आणि त्याला कशाची भीती वाटते. या दोन्हींबद्दल चुकीची माहिती भरपूर पसरलेली आहे.

‘कुणीही काहीही टाकलं तरी पोलीस आधी अॅडमिनला उचलतात’

सगळ्यात खोल रुजलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. यामुळेच कित्येक अॅडमिन एखादी साधी राजकीय बातमी आली तरी घाबरून ग्रुप बंद करतात, ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे बटण दाबून ठेवतात किंवा वाद घालणाऱ्या दोघांनाही न विचारता काढून टाकतात. बाहेरून ती मुजोरी दिसते, पण आत बहुधा धास्ती असते.

कायदा काय म्हणतो, ते आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात स्पष्ट झालं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका सदस्याने त्याच ग्रुपमधल्या महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली. तिने तक्रार केली आणि २०१६ मध्ये अॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. आरोप असा की त्याने त्या सदस्याला काढलं नाही आणि माफीही मागायला लावली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि अमित बोरकर यांनी अॅडमिनविरुद्धचा गुन्हा आणि आरोपपत्र रद्द केलं. दुसऱ्याच्या कृत्याची फौजदारी जबाबदारी एखाद्यावर टाकायची, तर कायद्यात तशी स्पष्ट तरतूद लागते आणि अॅडमिनबाबत ती नाही. दोघांचा समान हेतू होता किंवा आधीच ठरवून हे केलं, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. नुसता अॅडमिन असणं हा समान हेतू ठरत नाही.

न्यायालयाने अॅडमिनचे अधिकार बारकाईने पाहिले होते. सदस्य घेणं आणि काढणं त्याच्या हातात आहे, पण मेसेज ग्रुपवर येण्याआधी तो तपासायची, थांबवायची सोय त्याच्याकडे नाही. पुढे २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपने अॅडमिनला इतरांचे मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली. तरी मेसेज आधी सगळ्यांच्या फोनवर पोचतो, मग अॅडमिनची नजर जाते, हा क्रम तोच राहिला.

नागपूरचा निकाल एकटा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच बदनामीच्या एका दाव्यात म्हटलं होतं की ग्रुपच्या अॅडमिनला जबाबदार धरणं म्हणजे वर्तमानपत्रात छापलेल्या बदनामीसाठी कागद बनवणाऱ्याला जबाबदार धरण्यासारखं आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने डिसेंबर २०२१ मध्ये असाच कौल दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढचं प्रकरण जास्त गंभीर होतं. एका सदस्याने लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता आणि अॅडमिनवर पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. तिथेही न्यायालयाने सांगितलं की अॅडमिन आणि सदस्य यांचं नातं मालक-नोकराचं नाही, त्यामुळे एकाच्या गुन्ह्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देता येत नाही.

मग अॅडमिन अडकतो केव्हा? त्याने स्वतः आक्षेपार्ह मजकूर टाकला किंवा पुढे पाठवला, तर इतर कुणाहीसारखाच. टाकणाऱ्याशी आधी संगनमत केलं असेल, तर. आणि तिसरी शक्यता प्रतिबंधात्मक आदेशाची. तणावाच्या काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असे आदेश काढत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ त्या जागी आलं आहे. असे आदेश ठरावीक भागापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते असतात. त्यात अॅडमिनना काही सूचना असतील तर त्या पाळायलाच हव्यात आणि मोडल्या तर कारवाई होऊ शकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्या निकालाच्या आदल्या रात्री देशभर असंख्य अॅडमिननी ग्रुपची सेटिंग बदलली, ती याच धास्तीपोटी. तेव्हापासून एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो: ‘उद्यापासून नवे संचार नियम, सगळे कॉल रेकॉर्ड होणार, दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली तर सरकार कारवाई करू शकतं समजा.’ हे साफ खोटं आहे. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागानेही तसं जाहीर केलेलं आहे. व्हॉट्सअॅपवर एप्रिल २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये मेसेज कुणाला वाचता येत नाही. लाल टिक अस्तित्वातच नाही.

‘मग अॅडमिनची काहीच जबाबदारी नाही’

या निकालांतून असा अर्थ काढणारेही भेटतात आणि तेव्हा मला रीतसर राग येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्याआधी कित्येक दिवस फोनाफोनांवर फिरत होती. ती माणसं मंगळवेढ्याकडची होती, भिक्षा मागून पोट भरायला आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना वा ग्रुपना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

कंपनीची मर्यादा मेसेजचा वेग कमी करते, त्यातला मजकूर खरा की खोटा हे ठरवत नाही. ते काम ग्रुपमधल्या माणसांनाच करावं लागतं आणि त्यात अॅडमिनच्या शब्दाला वजन असतं. ‘ही बातमी कुठली? पोलीस ठाण्यात विचारलं का? तोवर पुढे पाठवू नका,’ एवढं त्याने लिहिलं तरी पुष्कळ होतं. न्यायालयाने त्याला मोकळं सोडलं ते दुसऱ्याच्या गुन्ह्यापासून. समोर अफवा दिसत असताना गप्प बसलेल्या अॅडमिनने शेजाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न कोर्टाच्या बाहेर उरतोच.

‘माझा मेसेज पुसला म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला’

घटनेच्या १९ व्या अनुच्छेदातलं भाषणस्वातंत्र्य मुळात सरकारच्या हातापासून नागरिकाला वाचवण्यासाठी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की हा हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही मागता येऊ शकतो आणि त्याची चर्चा कायद्याच्या जगात अजून चालू आहे. पण त्यातून पाककृतींच्या ग्रुपवर प्रचाराचे व्हिडिओ टाकायचा हक्क मिळत नाही. ज्या कामासाठी ग्रुप आहे, त्या कामाला धरून नियम ठेवणं रास्तच आहे.

सोसायटीच्या ग्रुपबाबत मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण भांडणं तिथेच जास्त होतात. सेक्रेटरीने ग्रुपमधून काढलं म्हणून कुणाचं सोसायटीचं सभासदत्व जात नाही. सभेला बसणं, मत देणं, हिशेब पाहणं हे हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि उपविधींतून येतात, फोनवरून नाही. उलट, देखभालखर्चाबद्दल नेमका प्रश्न विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकणारा पदाधिकारी अॅडमिनपद वापरून पदाची उत्तरं टाळतो आहे, हे सरळ म्हणायला हवं. गैरवापर होतोच. मी तो नाकारत नाही. पण प्रत्येक पुसलेला मेसेज गैरवापर नसतो.

‘अॅडमिनला सगळं दिसतं’

नाही. सदस्य आपसात वेगळे काय बोलतात ते त्याला दिसत नाही आणि दुसऱ्याच्या मेसेजमधला एक शब्दही त्याला बदलता येत नाही. त्याने मेसेज पुसला, तर अॅडमिनने तो पुसल्याची खूण सगळ्यांना दिसते. गुपचूप काही नाहीसं करायची सोय त्याच्याकडे नाही.

‘यांना कंपनी पैसे देत असणार’

फेसबुकचा ग्रुप, रेडिटवरचा समुदाय, टेलिग्रामची वाहिनी यांचे सांभाळकर्ते पगारी असावेत, असं अनेकांना वाटतं. पगारी माणसं असतात, पण ती वेगळी. कंपन्यांसाठी तक्रारी तपासणाऱ्यांना सतत हिंसा आणि विकृती पाहून मानसिक आजार जडले, तेव्हा फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतल्या अशा कामगारांशी ५.२ कोटी डॉलरची तडजोड केली. स्वयंसेवक तशाच प्रकारचा मजकूर फुकट पाहतात आणि त्यांच्यासाठी अशी कुठलीही सोय नाही.

त्यांच्या श्रमाचं मोल मोजायचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार रेडिटचे स्वयंसेवक सगळे मिळून दिवसाला किमान ४६६ तास काम करतात. बाजारभावाने ते वर्षाला ३४ लाख डॉलर होतात, म्हणजे कंपनीच्या २०१९ च्या उत्पन्नाच्या २.८ टक्के. हा अंदाज किमान आहे, कारण त्यात नोंद होणारंच काम धरलं आहे. दोघांचं भांडण मिटवताना गेलेली संध्याकाळ कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

हा प्रश्न जुना आहे. १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन या कंपनीची गप्पांची दालनं हजारो स्वयंसेवक सांभाळत. मोबदल्यात त्यांना फुकट किंवा स्वस्तात इंटरनेट मिळे. कामाच्या पाळ्या आणि अहवाल मात्र नोकरीसारखे होते. १९९९ मध्ये त्यांनी किमान वेतनासाठी दावा लावला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तो मिटला. जून २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या अॅपकडून जबर शुल्क घ्यायचं ठरवलं. सांभाळकर्त्यांची रोजची साधनंच त्यामुळे धोक्यात आली. ८,००० हून जास्त समुदाय त्यांनी निषेध म्हणून बंद ठेवले. कंपनी बधली नाही आणि ऐकत नसाल तर तुमच्या जागी दुसरे नेमू, असा इशारा मिळाला. ज्यांना सदस्य ‘मालक’ म्हणून बोल लावत होते, त्यांची मालकी किती आहे ते त्या महिन्यात उघड झालं.

‘विकिपीडियाचे प्रचालक ठरवतात काय खरं’

मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि त्यावरही स्वयंसेवक प्रचालक आहेत. पान वगळणं, सुरक्षित करणं, उपद्रवी सदस्याला रोखणं हे त्यांचे अधिकार. त्यांची निवड समुदायातून होते आणि त्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद कुणालाही पाहता येते. लेखात काय लिहावं यात मात्र त्यांच्या मताला इतर संपादकांपेक्षा जास्त किंमत नाही. तिथे संदर्भ चालतो. हा फरक न कळल्याने गोंधळ होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाच्या काही संपादकांवर गुन्हा नोंदवला, तेव्हा ‘विकिपीडियाच्या अॅडमिननी हे लिहिलं’ असं सर्रास बोललं गेलं. त्या मजकुराबद्दल मत काहीही असो, तो बदलायचा मार्ग चर्चापानावरून आणि चांगल्या संदर्भांतून जातो. इतिहासाची विश्वसनीय साधनं हाताशी असलेल्या मराठी अभ्यासकांनी तिथे जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

‘नियम लावले की लोक बोलायचे थांबतात’

याच्या उलट पुरावा आहे. नेथन मटायस या संशोधकाने रेडिटवरच्या विज्ञानविषयक समुदायात २,१९० चर्चांवर प्रयोग केला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळकपणे लावले, काहींवर नाही. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियम दिसत होते तिथे नव्या सदस्यांनी ते पाळण्याचं प्रमाण ८ टक्केबिंदूंहून अधिक वाढलं आणि बोलणाऱ्या नव्या सदस्यांची संख्या सरासरी ७० टक्क्यांनी वाढली. इथे काय चालतं आणि काय खपवून घेतलं जात नाही हे आधी कळलं, की बुजलेला माणूसही बोलतो. ग्रुपवर वर्षानुवर्षं गप्प असणाऱ्या बायकांना विचारून पाहा, त्या का गप्प असतात.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मजकूर काढताना कारण सांगितलं, तर त्या माणसाचा पुढचा मजकूर काढावा लागण्याची शक्यता कमी होते. आपल्या ग्रुपवर नेमकं हेच होत नाही. मेसेज पुसला जातो, माणूस काढला जातो आणि कारण कुणालाच कळत नाही. मग तर्क सुरू होतात: आपल्या जातीचा नाही म्हणून काढलं, विरोधी गटाचा म्हणून काढलं. ग्रुपच्या माहितीत चार ओळींचे नियम लिहून ठेवणं, काढण्याआधी खाजगीत एकदा फोन करणं, काढल्यावर ग्रुपवर एका वाक्यात कारण देणं, यात दहा मिनिटंही जात नाहीत.

एक शेवटची गोष्ट एकट्या अॅडमिनसाठी. शेकडो माणसांचा ग्रुप एकट्याने सांभाळू नका. वेगळ्या वयाचे, शक्यतो वेगळ्या मताचे आणखी दोघे अॅडमिन नेमा, त्यात एक बाई असू द्या. कंटाळून एखाद्या रात्री एकमेव अॅडमिन ग्रुप सोडून गेला, तर व्हॉट्सअॅप उरलेल्यांतल्या कुणालाही आपोआप अॅडमिन करतं. त्या माणसाला विचारलं जात नाही, सकाळी उठून त्यालाच कळतं. तेव्हा सोडायचं असेल तर आधी कुणाला तरी विचारून, समजावून, मग सोडा.