सव्वा मिनिटाचं रील

सकाळी 6:15

कसबा पेठेत रील करायचं असेल तर आठच्या आत. त्यानंतर हॉर्न सुरू होतात आणि कॉलर माइकला माणसाच्या आवाजापेक्षा रिक्षाचा आवाज जास्त आवडायला लागतो. गणपती आठवड्यावर आले आहेत. कुंभारवाड्याच्या बाजूला मूर्तींचे मांडव उभे राहिलेत आणि निम्म्या मूर्तींना अजून डोळे यायचे आहेत.

आमची टीम तिघांची. कॅमेऱ्यासमोर उभा राहतो त्याला आम्ही ‘हिरो’ म्हणतो, कारण तसं म्हटलं की तो चिडतो. त्याची मोठी बहीण, ताई, हिशेब, फोन, तारखा आणि भांडणं सांभाळते. लिहिणं, माइक आणि थर्माकोलची शीट धरून उजेड मारणं माझ्याकडे. आजच्या रीलमध्ये आई, मुलगा, काका आणि मूर्तीवाला अशी चार माणसं आहेत आणि चौघेही हिरोच आहे. आईला ओढणी, काकांना चष्मा, मूर्तीवाल्याला खांद्यावर फडकं. आधी एका पात्राची सगळी वाक्यं सलग घ्यायची, मग वेश बदलून दुसऱ्याची. तोवर ऊन सरकतं, आणि आईची सावली डावीकडे तर मुलाची उजवीकडे पडते. हे फक्त आम्हाला दिसतं असं आम्ही समजतो, पण कमेंटमध्ये कुणीतरी पकडतंच.

हा धंदा कसा उभा राहिला ते थोडक्यात सांगतो. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी घातली आणि 8 जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं. मधे दहा दिवससुद्धा गेले नाहीत. त्या वर्षी टाळेबंदीमुळे नाट्यगृहं बंद होती. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची तालीम करावी, भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ म्हणून घसा फोडावा, अशा वयाची मुलं घरात बसून होती. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि समोर आईबाबा होते, तेव्हा नाटक स्वयंपाकघरात आलं. ऑनलाइन मराठी विनोदाची वाट त्याच्याही आधी, 2016 मध्ये, ‘भाडिपा’ ह्या यूट्यूब चॅनेलने पाडली होती. पण त्यांच्याकडे संच होता, लेखक होते, कॅमेरे होते. रीलला एक माणूस पुरतो.

सकाळी 8:40

मिसळ. ताई कालच्या रीलचे आकडे वाचून दाखवते. बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही लाइक मोजतो, पण लाइकला कुणी विचारत नाही. किती जणांनी पुढे पाठवलं, किती जणांनी सेव्ह केलं आणि पहिल्या तीन सेकंदांत किती जण पळाले, एवढंच बघायचं. त्या तीन सेकंदांना ‘हुक’ म्हणतात. कालचा हुक बरा होता, मधेच रील बसलं. ‘सासूबाईंचं वाक्य लांबलं,’ असं निदान होतं. वाक्य माझं असल्यामुळे मी तर्री मागवतो.

सकाळी 10:00

स्क्रिप्ट. दिवसातलं सगळ्यात महाग काम हेच, आणि त्याला कॅमेरा लागत नाही.

ह्या दिवसांत पुण्यात गणपतीवर रील लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ऑगस्ट 2025 असतो. अथर्व सुदामे हे पुण्यातल्या रीलवाल्यांमधलं सगळ्यात ओळखीचं नाव. मराठी मध्यमवर्गीय घर, नवराबायको, दुकानदार आणि गिऱ्हाईक ह्यांच्यातल्या बारीक खटक्यांवर त्याची हातोटी बसलेली. सणावारांवर त्याने भरपूर केलं होतं आणि लोकांनी ते कौतुकाने घरच्या ग्रुपवर फिरवलं होतं. त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. तिच्या तोंडावर त्याने एक रील टाकलं. तो मूर्ती घ्यायला जातो, मूर्ती पसंत पडते, तेवढ्यात मूर्तीवाल्याचा मुलगा येऊन ‘अब्बू’ अशी हाक मारतो. मूर्तीवाला अवघडतो, दुसरीकडे बघणार का असं सुचवतो. गिऱ्हाईक मूर्ती तिथूनच घेतं आणि साखरेचा दाखला देतं, जी खिरीतही पडते आणि शीरखुर्म्यातही.

बस्स, एवढंच होतं. पुढे हिंदुत्ववादी संघटनांनी आक्षेप घेतला, समाजमाध्यमांवर शिव्यांचा पाऊस पडला. त्याने रील काढून टाकलं आणि एका व्हिडिओत माफी मागितली. कुणाच्या भावना दुखावायचा हेतू नव्हता, आपण आजवर सणांवर, मराठी संस्कृतीवरच रील करत आलो, असं त्याचं म्हणणं होतं. मग दुसरी बाजू आली. रील का काढलंस, कणा कुठे गेला, असं विचारणारे. काढलेलं रील दुसऱ्यांच्या खात्यांवरून आणखी फिरलं.

मला त्या रीलमध्ये कलाकृती म्हणून फार काही दिसलं नव्हतं. साखरेचं वाक्य शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतलं वाटलं आणि आजही वाटतं. पण कमकुवत संवाद हा गुन्हा असेल तर आम्ही सगळेच आत जाऊ. राहता राहिला विषय. हे ते शहर आहे, जिथे सार्वजनिक गणपती पहिल्यांदा कुणी बसवला ह्यावरच वाद पेटतो. 2017 मध्ये पालिकेने 125 वं वर्ष साजरं करायला घेतलं, तेव्हा भाऊसाहेब रंगारींचं श्रेय डावललं म्हणून त्यांच्या मंडळाने कोर्टाची पायरी चढली होती. गणपतीबद्दल पुणेकर हळवा आहे, हे सुदामेला माहीत नसेल असं कोण म्हणेल? माहीत होतं, आणि तरी त्याने लिहिलं. मला त्यातलं हे ‘तरी’ आवडलं होतं.

माफीवरून त्याला भित्रा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वर्तमानपत्राच्या मागे संपादक, मालक, वकील असतात. नाटकाच्या मागे संस्था असते, आणि तिलाही ते झेपेलच असं नाही. ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 ला ह्याच भरत नाट्य मंदिरात आलं आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. कलाकारांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली, तेव्हा ते पुन्हा उभं राहिलं. रीलवाल्याच्या मागे कोण? एक बहीण, एक थर्माकोलवाला. त्याचा चेहरा, त्याचं घर, त्याची आई सगळं आधीच लोकांना माहीत, कारण त्यानेच ते दाखवलेलं असतं.

तर आजची स्क्रिप्ट. मूर्तीवाल्याचं नाव काय ठेवायचं? मी ‘शेख’ लिहितो. विषय मूर्तीच्या उंचीवरून घरात होणाऱ्या भांडणाचा आहे, धर्माचा त्यात संबंध नाही. माणसाला आडनाव लागतं म्हणून लिहिलं. ताई वाचते, वाचताना थांबत नाही, आणि खाली ठेवताना म्हणते, “आडनाव कशाला हवंय? ‘दादा’ म्हण ना नुसतं.”

मी खोडतो. ही खाडाखोड कुठल्याच बातमीत येणार नाही. सुदामेचं एक रील गेलं, ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर शहरभर किती आडनावं ‘दादा’ झाली, ते कुणी छापलेलं नाही.

दुपारी 1:15

ब्रँडचा फोन. पलीकडची मुलगी मुंबईची, वयाने आमच्याएवढीच, आणि ‘सर’ म्हणते. मसाल्याची कंपनी आहे. पैसे की बार्टर? बार्टर म्हणजे पैसे नाहीत, मसाले घ्या. ताई गोड बोलून नाही म्हणते.

पैसे ठरले की अटी. जाहिरात आहे हे सांगणारी पट्टी लावायलाच हवी. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ‘अ‍ॅस्की’चे, नियम 14 जून 2021 पासून लागू झाले. रील पंधरा सेकंदांपेक्षा मोठं आणि दोन मिनिटांच्या आत असेल, तर एकतृतीयांश वेळ ती पट्टी दिसली पाहिजे. आमच्या सव्वा मिनिटात पंचवीस सेकंद. ब्रँडला ती पट्टी बारीक हवी असते, आम्हाला जाड, कारण लपवलेली जाहिरात पकडली गेली की शिव्या ब्रँडला पडत नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. फुकटचा मोबाइल आला तरी सुटका नाही. 1 जुलै 2022 पासून, वर्षात 20 हजारांवरच्या अशा भेटवस्तूंवर 10 टक्के करकपात आली. वस्तू परत केली तर नाही, ठेवली तर आहे. हिरोच्या बाबांना अजून वाटतं की पोरगं नुसतं नाचतं. त्याच्या सीएला तसं वाटत नाही.

करारातलं शेवटचं कलम ताई दोनदा वाचते. कलाकार वादात सापडला तर कंपनी पैसे थांबवू शकते. वादात सापडणं म्हणजे नेमकं काय, ते लिहिलेलं नसतं. कुणीतरी रागावणं एवढंही पुरतं.

दुपारी 3:00

एडिटिंग. पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण हिरो ‘व्हॉइस’ घेतोय.

माफीचा व्हिडिओ हा पुण्यात आता वेगळा साहित्यप्रकार झाला आहे. कोयते नाचवत रील करणारी पोरं पोलीस चौकीत पोचली की हात जोडून एक व्हिडिओ करतात, तोही रीलइतकाच चालतो. विनोदवाल्यांच्या माफीत पोलीस नसतात, पण मांडणी तीच. साधी भिंत, साधा कपडा, मागे संगीत नाही, एकही कट नाही. एडिटर म्हणून सांगतो, कट न मारणं हीच त्यातली कारागिरी. कट दिसला की लोक म्हणतात, पढवलेलं आहे.

आणि माफी मागून सुटका होते असंही नाही. पुण्यात कायदा शिकणारी शर्मिष्ठा पानोली. ऑपरेशन सिंदूरच्या वेळच्या तिच्या एका व्हिडिओतली भाषा खरोखर हिणकस होती. तो तिने काढला, माफी मागितली. तरी कोलकाता पोलिसांनी 30 मे 2025 ला गुरुग्राममधून तिला अटक केली आणि 5 जूनला कलकत्ता उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. तिचा व्हिडिओ आणि सुदामेचं रील ह्यांत काहीही साम्य नाही. एकात द्वेष होता, दुसऱ्यात साखर. पण दोघांनीही आधी ‘डिलीट’ दाबलं आणि मग हात जोडले. बघणाऱ्यांच्या लेखी दोन्हींचं नाव एकच, ‘वादग्रस्त रील’. माझा राग दोन्ही एकाच खात्यावर टाकण्यावर आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये यूट्यूबर रणवीर अलाहबादियाच्या अश्लील टिप्पणीचं प्रकरण पेटलं, तेव्हा त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या ‘भाडिपा’नेसुद्धा ‘अतिशय निर्लज्ज कांदेपोहे’ ह्या कार्यक्रमातला सई ताम्हणकरचा भाग पुढे ढकलला. आग दिल्ली-मुंबईत, पाणी पुण्यात.

संध्याकाळी 5:00

बसमधला एक शॉट राहिलाय. तो आम्ही रिक्षात घेतो, कारण जानेवारी 2026 मध्ये पीएमपीएमएलने विनापरवानगी बसमध्ये रील केल्याबद्दल सुदामेला नोटीस दिली होती. इथे मी पीएमपीच्या बाजूने आहे. बस लोकांची आहे, त्यात लोकांना घरी जायचं असतं. जून 2024 मध्ये जांभुळवाडीजवळच्या एका पडक्या इमारतीवरून एक मुलगी रीलसाठी एका हातावर लोंबकळली, तिच्यावर गुन्हा दाखल झाला, तोही मला योग्य वाटला. नियम लिहिलेला असेल तर तो पाळता येतो, मोडला तर दंड भरता येतो. मूर्तीवाल्याचं आडनाव काय असावं ह्याचा नियम मात्र कुणी लिहून देत नाही.

संध्याकाळी 7:30

पोस्ट. लोक ऑफिसातून परतलेले, भाजी फोडणीला पडायची आहे, ही आमची वेळ. पहिली वीस मिनिटं तिघं एकमेकांशी बोलत नाही.

‘आमच्या घरात कॅमेरा लावलाय का?’ ही सगळ्यात आवडती कमेंट. मग शुद्धलेखनवाले येतात, पट्टीवर ‘मुर्ती’ गेलंय म्हणून. पुण्याला प्रेक्षक मानून रील करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं, इथे ऱ्हस्वदीर्घ हीदेखील भावना आहे. मग एक जण, ‘गणपतीची चेष्टा करताय का?’ ताई त्याचं प्रोफाइल उघडते. फोटो नाही, नाव नाही, फॉलोअर चार. तरी ती तो मेसेज बाजूला काढून ठेवते, कारण सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते.

समाजसुधारक आगरकरांची ह्याच शहरात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. तेव्हा निदान तिरडी बांधावी लागे, चार माणसं गोळा करावी लागत, उन्हात चालावं लागे. शिवाय खांदा देणाऱ्यांचे चेहरे दिसत. रीलवाल्याची आगरकरांशी बरोबरी मी करत नाही. आम्ही मसाले विकतो. मी फरक सांगतोय तो तिरडीच्या बाजूचा.

रात्री 11:10

रील चाललं. फार नाही, बरं. काकांचं वाक्य लोकांनी उचललं, मूर्तीवाल्या दादाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. हिरोच्या आईने आम्हा तिघांना पिठलं-भात वाढलाय आणि स्वतःच्या नकलेवर तिला एकच आक्षेप आहे, की ती ओढणी कधीच अशी घेत नाही.

उद्याचा विषय ठरायचा आहे. मी म्हणतो, वर्गणी. ताई म्हणते, “चालेल. वर्गणीवर कुणाच्या भावना दुखावणार आहेत?” मी आमच्याच गल्लीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांची नावं बोटांवर मोजायला लागतो. दुसऱ्या हाताची बोटं सुरू झाल्यावर ती हात वर करते.

“मग ढोल पथक?”

हिरो तोंडात घास असतानाच मान हलवतो. त्याचा मावसभाऊ पथकात आहे.

“तायडे, पार्किंगवर करू.”

“पार्किंगवर मागच्याच महिन्यात केलं.”

“मग परत करू. पुण्यात कुठे संपलाय तो प्रश्न?”

ताई वहीत लिहिते : पार्किंग, भाग 2. सकाळी सव्वासहा. चष्मा आणि ओढणी आठवणीने.