दसवंध : कमाईतला दहावा हिस्सा

शिखांमध्ये कमाईचा दहावा हिस्सा गुरूच्या नावाने समाजासाठी काढतात, हाच दसवंध. अट एकच, कमाई घामाची हवी. पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या काळात अमृतसरचं हरमंदिर साहिब उभं राहत असताना ही प्रथा पक्की झाली. वसुलीसाठी नेमलेले मसंद पुढे लोभी झाले, तेव्हा गुरू गोविंदसिंगांनी ती व्यवस्थाच मोडली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आज पैसे गुरुद्वाऱ्याच्या दानपेटीत, म्हणजे गोलकमध्ये पडतात. त्यातून लंगर म्हणजे सर्वांसाठीचं मोफत जेवण, दवाखाने, शाळा चालतात. खिसा रिकामा असेल तर पोळ्या लाटाव्यात, भांडी घासावीत, तीही सेवाच. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातही लंगरात पंगतीला कोणीही बसावं, पोळी मात्र दोन्ही हात पुढे करून घ्यावी.