वणव्यानंतरचा दुसरा बहर

निगडीहून जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोड आणि सोमाटणे मागे टाकले की तळेगाव-दाभाडेचे उघडे, गवताळ उतार लागतात. २०२४ साली या उतारांनी वनस्पतिशास्त्राला एक नवी जाती दिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार, आदित्य धारप आणि लंडनच्या क्यू उद्यानातले डार्बीशायर यांनी तिचे नाव ठेवले डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून हे झुडूप एकदा फुलते. पुढे उन्हाळ्यात वणवा येतो आणि वरचे सगळे जळून जाते. मग जमिनीतल्या लाकडासारख्या टणक मुळातून बुटके धुमारे फुटतात आणि त्यांवर थेट फुलेच येतात. मे-जूनचा हा दुसरा बहर पहिल्यापेक्षा जोरकस असतो. फुलोऱ्याची ठेवण अशी, की जवळचे भाईबंद शोधायला आफ्रिकेत जावे लागते. असे झुडूप एका रात्रीत घडत नाही. आग ही या उतारांची जुनी ओळखीची गोष्ट असली पाहिजे, आणि गेली दीडशे वर्षे आपण ती निव्वळ आगंतुक म्हणून वागवत आलो.

ही समजूत मुळात सरकारी. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअरसन यांनी आग रोखून दाखवली आणि तो नमुना देशभर गिरवला गेला. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ ने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले. पण शंका घेणारेही त्याच वन खात्यात होते. ब्रह्मदेशातल्या स्लेड या अधिकाऱ्याने १८९६ मध्येच ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये लिहिले की आगीपासून संरक्षण जरा जास्तच होत आहे, आग थांबली की सागाची नवी रोपे धरेनात. पुढे आसाम-बंगालच्या ओल्या सालवनांतही हीच तक्रार निघाली. एवढे होऊनही शाळेतल्या भित्तिचित्रावर वणवा राक्षसच राहिला. खाते मात्र दरवर्षी स्वतःच्या हाताने जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून आखलेले पट्टे, जाळत असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

आपल्या भागात या समजुतीला शहराची जोड मिळाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, निगडीची प्राधिकरण वसाहत उभी राहिली, दुर्गा टेकडीचे उद्यान झाले. हिरवी टेकडी म्हणजे झाडांची टेकडी, हे समीकरण पक्के झाले आणि पुणे परिसरातल्या टेकड्यांवर गिरिपुष्प, सुबाभूळ लागली. गवत उरले ते ‘पडीक’ या शेऱ्याखाली. ते मुळात जंगल होते आणि माणसाने उजाड केले, असे गृहीत धरले गेले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी ओव्या, चरित्रे आणि लोककथा चाळून या गृहीतकाला धक्का दिला. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या मजकुरातही पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाचे वर्णन गवताचे, काटेरी झाडांचे आणि गुराख्यांचेच निघाले. आगीला तोंड देण्याची गवताची तयारीही पाहण्यासारखी आहे. कुसळीचा दाणा आपल्या काळ्या, पीळदार कुसळासकट पडतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा भरतो आणि त्या हालचालीने दाणा मातीत रुतत जातो. गवताची आग झटकन पुढे सरकते, त्यामुळे खालची माती फारशी तापत नाही आणि दाणा वाचतो. काळी मुसळी, खरपुडी यांचे कंद त्याच मातीत सुरक्षित असतात, आणि पळस मुळापासून पुन्हा फुटतो.

यावर पहिला आक्षेप असा की आजचे वणवे माणूस लावतो, मग त्यांना निसर्ग कसे म्हणावे? लावणारा माणूसच, हे खरे. चारा चांगला येतो म्हणून लोक गवत पेटवतात. पण शिवालिकच्या खडकांतले पुरावे सांगतात की उष्ण हवेतली गवते या उपखंडात ७०-८० लाख वर्षांपूर्वी पसरली. वाळके गवत आणि वळवाच्या विजा माणसाच्या काडेपेटीची वाट पाहत नव्हत्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टिटवी, चंडोल, रातवा जमिनीवर अंडी घालतात, सरडे जळतात, धूर वस्तीत शिरतो. भीमाशंकरच्या सदाहरित रानात किंवा एखाद्या देवराईत आग शिरली तर ते निखळ नुकसान आहे, तिथे माझा युक्तिवाद लागू नाही. गवतावरसुद्धा एकच उतार दरसाल, आणि तोही ऐन उन्हाळ्यात सगळा पेटवणे मला समर्थनीय वाटत नाही. प्रश्न कुठे, केव्हा आणि किती वर्षांनी, असा आहे. ‘आग नकोच’ हे त्याचे उत्तर होत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात १९५४ पासून ठरलेले तुकडे ठरावीक ऋतूत, ठरावीक वर्षांच्या अंतराने जाळले जातात आणि शेजारचे काही मुद्दाम राखले जातात. तळेगावच्या उतारांवर हे लहान प्रमाणात जमण्यासारखे आहे. जाळरेषांनी तुकडे आखायचे, पाखरे घरट्यावर बसायच्या आधी, थंडी सरता सरता एखादा जाळायचा, बाकीचे त्या वर्षी सोडायचे, आणि मे-जूनमध्ये कुठे किती फुलले ते मोजायचे. मात्र त्याआधी तिथे रोपांसाठी खड्डे खणायचे थांबवावे लागेल, आणि बंगल्यांच्या प्लॉटसाठी उतार सपाट करायचेही. कारण जेसीबीने उपटलेल्या मुळाला दुसरा बहर येत नाही.