वळूची पारख : रूप, वंश आणि संतती

चेन्नईच्या वेपेरी भागात १९०३ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हे शहर मद्रास या नावाने ओळखले जात असे. ज्या इलाख्याची ते राजधानी होते, त्याच्या सीमेत दक्षिणेतील दोन नामांकित गोवंश नांदत होते : उत्तरेस नेल्लोर व गुंटूर जिल्ह्यांत ओंगोल आणि पश्चिमेस कोइमतूरकडे कांगायम. पुढे प्रांतांच्या सीमा बदलल्या. ओंगोलचा मुलूख आज आंध्र प्रदेशात आहे, तर कांगायमचा तमिळनाडूतच राहिला. परंतु ज्या प्रश्नाने या दोन्ही जातींच्या पालकांना पिढ्यान्‌पिढ्या विचारात पाडले, तो प्रश्न जगातील सर्व गोपालकांचा आहे : कळपासाठी वळू निवडावा तो कशावरून?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे साध्या हिशेबाने ध्यानात येते. गाय वर्षाकाठी फार तर एक वासरू देते; वळू मात्र त्याच काळात पन्नासांहून अधिक वासरांचा जनक होऊ शकतो. गाईची निवड चुकली तर तोटा एका दावणीपुरता राहतो. वळूची निवड चुकली तर ती चूक साऱ्या गावाच्या गोठ्यांत शिरते.

ही गोष्ट जुन्या शेतकऱ्यांना पुरती ठाऊक होती. महाराष्ट्रात देवाच्या नावाने सोडलेल्या वळूला पोळ म्हणतात. ओंगोलच्या मुलखातही मृत आप्ताच्या स्मरणार्थ असा वळू सोडण्याची चाल होती. त्यासाठी मिळेल तो गोऱ्हा घेत नसत. जाणती माणसे त्याचे रूप आणि त्याच्या आईचे गुण पाहून निवड करीत, आणि मगच तो गावाच्या गाईंत मोकळा फिरे. कांगायमच्या बाबतीत हेच काम पालैयकोट्टैच्या पट्टगार घराण्याने आपल्या मोठ्या कळपात चालवले. धर्माचरण आणि पशुसंवर्धन यांची अशी सांगड पडल्यामुळेच हे वंश पुस्तकी शास्त्राच्या मदतीवाचून घडले.

रिंगणात काय दिसते

पशुप्रदर्शनातील परीक्षक वळूला प्रथम दुरून व मग जवळून पाहतो. ओंगोलच्या वळूत तो भरदार वशिंड, लोंबते गळकंबळ, आखूड शिंगे, पांढरा रंग, मान व वशिंडावरील काळसर छटा आणि डौलदार चाल शोधतो. कांगायमचे वासरू जन्मतः तांबूस असते आणि सुमारे सहा महिन्यांनी करडे होते. ही खूण ज्याला ठाऊक नाही, तो उत्तम वासरालाही परक्या जातीचे ठरवील.

या परीक्षेला निरर्थक मानणे योग्य नव्हे. सरळ पाठ, भक्कम पाय, घट्ट खूर आणि सुडौल, समान वृषण ही केवळ शोभेची लक्षणे नाहीत. पाय अधू असलेला वळू गाय फळवू शकत नाही, आणि लहान वृषणाच्या वळूचे रेत बहुधा कमी प्रतीचे असते. तथापि, जे गुण नराच्या अंगी दिसूच शकत नाहीत, त्यांचे काय? वळू दूध देत नाही. त्याच्या मुली किती दूध देतील, हे त्याच्या वशिंडावर लिहिलेले नसते. गाईगाईंमध्ये दुधाचा जो फरक आढळतो, त्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच आनुवंशिक असतो. बाकीचा चारा, निगा आणि हवामान यांतून येतो. म्हणून एखाद्या गोठ्यातील गाय दुधाळ आहे एवढ्यावरून तिचा गोऱ्हा उत्तम वळू ठरेल, असे खात्रीने सांगता येत नाही.

रूपाने केलेली फसवणूक

रूपावर विसंबल्याने काय होते, याचा धडा परदेशातील अँगस जातीच्या इतिहासात मिळतो. ही काळी, बिनशिंगी जात स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील. ह्यू वॉटसन या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची पद्धतशीर निवड केली आणि त्याचा ‘ओल्ड जॉक’ नावाचा वळू वंशनोंदीत पहिल्या क्रमांकावर आला. १८७३ साली जॉर्ज ग्रँट याने चार अँगस वळू अमेरिकेतील कॅन्सस राज्यात नेले आणि तेथे या जातीचा विस्तार सुरू झाला.

१९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रदर्शनांत आखूड पायांच्या, ठेंगण्या व गच्च बांध्याच्या जनावरांना मान मिळू लागला. थोड्याच काळात हेरफर्ड व अँगस या दोन्ही जातींच्या कळपांत खुजी, धाप लागणारी आणि बहुधा लवकर मरणारी वासरे जन्मू लागली. या विकृतीचे जनुक अप्रभावी होते. वासराला ते आई व बाप या दोघांकडून मिळाले तरच ते खुजे निपजे. एकाकडूनच मिळाले तर जनावर निरोगी राही, मात्र काहीसे अधिक ठेंगणे व गच्च दिसे. परीक्षकाला नेमके तेच आवडत होते. अशा रीतीने बक्षिसांच्या वाटेने दोषाचाच प्रसार झाला.

असा दोष हुडकण्याचा त्या काळचा मार्ग कष्टाचा होता. संशयित वळूचा संयोग दोषवाहक म्हणून ठाऊक असलेल्या गाईंशी करीत. वळूही वाहक असेल तर प्रत्येक वासरू दोषी निपजण्याची शक्यता चारांत एक. ओळीने सोळा वासरे निर्दोष निपजली, तर वाहक वळू नजरेतून निसटला असण्याची शक्यता शंभरांत सुमारे एक एवढीच उरते. पण या सोळा वासरांसाठी तितक्याच गाई आणि दीर्घ काळ खर्ची पडे.

याच जातीत २००८ साली दुसरे संकट उभे राहिले. वाकड्या कण्याची आणि ताठलेल्या पायांची मृत वासरे जन्मू लागली. जोनाथन बीव्हर या संशोधकाने दाखवले, की जनुकसंचातील सुमारे २३ हजार अक्षरांचा एक तुकडा गळाल्याने हे घडते. दोषाचा मागोवा घेता घेता ‘गार प्रिसिजन १६८०’ या अत्यंत लोकप्रिय वळूच्या वंशापर्यंत तपास पोहोचला. वळू स्वतः निरोगी व गुणवान होता. कृत्रिम रेतनामुळे त्याची संतती देशभर पसरली होती, आणि त्याचे वंशज एकमेकांशी जोडले जाऊ लागले तेव्हाच दोष उघड झाला. या वेळी मात्र सोळा वासरांची वाट पाहावी लागली नाही. जनुकचाचणी लवकरच उपलब्ध झाली आणि वाहक जनावरे ओळखता आली.

संततीची साक्ष

ओंगोलच्या कथेतही हा इशारा आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत ब्राझीलने भारतातून जी अखेरची मोठी खरेदी केली, तीत करवदी गावाच्या नावाने ओळखला जाणारा ओंगोल वळू होता. फर्नांडो दि नोरोन्या बेटावरील विलगीकरण पार करून तो ब्राझीलला पोहोचला. ओंगोलला तेथे नेल्लोरच्या मुलखावरून नेलोर म्हणतात, आणि या जातीत करवदीच्या वंशाला मोठे स्थान मिळाले. परंतु कोट्यवधी जनावरांची पूर्वजपरंपरा मूठभर वळूंपाशी येऊन मिळते, तेव्हा नात्यातील संयोग टाळण्यासाठी वंशावळ डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते.

वळूची सर्वांत विश्वसनीय साक्ष त्याची संतती देते. अनेक गोठ्यांत, वेगवेगळ्या निगराणीखाली वाढलेल्या त्याच्या मुलींचे दूध मोजले आणि त्याच काळातील इतर गाईंशी तुलना केली, म्हणजे चाऱ्याचा व हवामानाचा प्रभाव बाजूस सारून वळूची खरी देणगी उरते. मुली जितक्या अधिक, तितका निष्कर्ष भरवशाचा. या पद्धतीचा एकच मोठा दोष म्हणजे विलंब. मुली मोठ्या होऊन वितात तोवर वळू म्हातारा झालेला असतो. हा विलंब कमी करण्यासाठी आता कोवळ्या गोऱ्ह्याच्या रक्तातून अथवा केसांतून जनुकसंच वाचून त्याच्या गुणांचा अंदाज बांधतात. भारतीय गोवंशासाठी तयार केलेली ‘गौचिप’ ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात वाशीम येथे प्रसृत करण्यात आली. अर्थात हा अंदाजही शेवटी संततीच्या नोंदींवरच उभा असतो. नोंदी नसतील तर जनुकांची अक्षरे मुकी राहतात.

एका नळीतील जबाबदारी

चेन्नईजवळ अलमाधी येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या व्यवस्थेखालील रेतकेंद्र आहे. अशा केंद्रांत वळूचे रेत पाव मिलिलिटरच्या नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. तेथे दाखल होणाऱ्या वळूचे क्षय, सांसर्गिक गर्भपात यांसारख्या रोगांसाठी परीक्षण होते, त्याची गुणसूत्रे तपासली जातात आणि ज्ञात आनुवंशिक दोषांचीही चाचणी होते. एवढी दक्षता आवश्यकच आहे; कारण जो वळू पूर्वी एका गावाचा पोळ होता, तो आता हजारो गावांचा पोळ झाला आहे.

या दक्षतेचे खरे मोल दोन गाईंच्या मालकाला कळते. गाय भरल्यापासून सुमारे सव्वानऊ महिन्यांनी कालवड जन्मते. देशी कालवड पहिल्यांदा विते ती तिसरे वर्ष सरल्यानंतर. म्हणजे आजची निवड बरोबर होती की चूक, हे त्याला चार वर्षांहून अधिक काळाने समजते, आणि तोवरचा चारा व कष्ट परत मिळत नाहीत.

म्हणून वळू निवडताना प्रश्नांचा क्रम ठरलेला असावा. तो निरोगी व प्रजननक्षम आहे काय? त्याच्या आईच्या व बहिणींच्या दुधाची लेखी नोंद आहे काय? त्याचे आपल्या गाईंशी जवळचे नाते तर नाही ना? ज्ञात दोषांसाठी त्याची चाचणी झाली आहे काय? आणि त्याच्या मुली कोठे नांदत असतील, तर त्या कशा आहेत? या साऱ्यांची उत्तरे समाधानकारक मिळाली, की मग वशिंडाचा डौल व चालीची ऐट अवश्य पाहावी. प्रदर्शनातील पदक वळूच्या गळ्यात शोभते. पण त्याची खरी परीक्षा त्याच्या मुलींच्या कासेत आणि मुलांच्या खांद्यांवरच होते.