डाळ शिजत नाही, यात सुनेचा काय दोष?

आजच्या गप्पा आहेत नळाच्या पाण्याबद्दल.

शहराला लागून असलेल्या आपल्या वाड्यांमध्ये नळ आला, तेव्हा आपण तोटीला हळदकुंकू वाहिलं. डोक्यावरचा हंडा उतरला, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण हे पाणी बोरचं. थोड्याच दिवसांत कुरकुर सुरू झाली. तुरीला पाच शिट्ट्या दिल्या तरी दाणा दाताखाली येतो. साबणाची वडी झिजते, पण फेस येत नाही. बादलीला पांढरं किटण आणि चहावर तवंग. एका घरी तर सासूबाई सुनेला बोलल्या, "तुला साधी डाळ शिजवता येत नाही!" ती बिचारी बैठकीत रडली, आणि तिथूनच आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, म्हणजे ज्यात फेस नीट होत नाही ते. पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. मग ते आपल्या काळ्या पाषाणातून झिरपतं आणि दगडातलं कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणतं. जितका जास्त काळ पाणी खडकात राहील, तितके क्षार जास्त. म्हणून उथळ आडाच्या पाण्यात डाळ शिजायची आणि खोल बोरच्या पाण्यात शिजत नाही, असा अनुभव बऱ्याच जणींना येतो. आजूबाजूला प्लॉटिंग झालं, सोसायट्या आल्या, जो तो आणखी खोल बोर घ्यायला लागला. त्यात भरडल्या आपण.

आता डाळीचं. डाळीच्या दाण्यात पेशींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. तो सुटला की दाणा मऊ होतो. पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं. उपाय साधा आहे. तूर अर्धा-पाऊण तास आणि हरभरा, मटकी रात्रभर भिजवायची. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचं, कारण आंबटानेही दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. खाण्याचा सोडा घातला की डाळ पटकन शिजते हे खरं, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नासतं. रोज नको.

साबणाचं असं, की त्याचा पहिला हिस्सा कॅल्शियमशी भांडण्यातच जातो. त्यातून जो चिकट मळ होतो तोच कपड्यांवर, केसांत आणि मोरीत बसतो. कपडे भिजवण्याआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाका, साबण कमी लागेल. मात्र धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा वेगळे. डबे वेगळे ठेवा, नाव लिहा. केसांना शिकेकाई बरी, ती असा मळ करत नाही.

पाणी तापवलं की क्षारांचा काही भाग वेगळा होतो आणि भांड्याला, हीटरच्या रॉडला चिकटतो. त्या थरातून उष्णता नीट जात नाही, मग गॅस आणि वीज दोन्ही जास्त जळतात. रॉडचा प्लग काढून, तो गार झाल्यावर लिंबाच्या किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवला की फसफसून थर सुटतो. विजेची जोडणी मात्र भिजू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पाणी फार वेळ ठेवू नका. आणि ब्लिचिंग पावडरमध्ये आंबट काही कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

आता जरा पोटात दुखणारी गोष्ट. आमच्या एका गटात पाण्याचं यंत्र विकणारा आला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात यंत्राचं. दोन्हीत लोखंडी दांड्या घालून वीज सोडली. नळाचं पाणी तपकिरी, गढूळ झालं! बाया घाबरल्या, गटाचं कर्ज काढून यंत्र घ्यायचं ठरत आलं. एकीने विचारलं, यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवा. टाकलं, तर तेही तपकिरी झालं. ती घाण पाण्यातली नव्हतीच. क्षारांमुळे वीज वाहते आणि दांडीचं लोखंड गंजून पाण्यात उतरतं. विक्रेता सामान गोळा करून गेला.

यंत्र कधीच नको, असं आम्ही म्हणत नाही. पण घरगुती आरओ एक लिटर पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर फेकतं, आणि टंचाईच्या गावात हे परवडायचं नाही. आधी पाणी तपासा. भारतीय मानकाप्रमाणे कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जड पाण्याने मुतखडा होतो, हे आम्हीही पूर्वी याच माईकवर बोललो होतो. तसा ठोस पुरावा नाही. पाणी कमी पिण्याने मात्र खड्याचा धोका वाढतो, आणि शेतात दिवसभर घोटभर पाण्यावर राहणाऱ्या आपण सगळ्या त्यात येतो.

खरी भीती वेगळी आहे. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर असेल तर ते पाणी पिऊ नये. हे चवीने कळत नाही, तुरटीने किंवा उकळूनही जात नाही. आणि डाळ शिजते म्हणून ओढ्याचं पाणी प्यायला आणू नका. ते हलकं असेल, पण त्यात जंतू असू शकतात.

घरी करून बघा. सारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत पावसाचं धरलेलं. दोन्हीत कपड्यांच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकून हलवा. पावडर नको, तिचा जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस होतो. फरक दिसला की आकडा काढायला चला. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण आणि किट कुणाच्या कपाटात आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. किट नसेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी आणा, आणि बाटलीवर बोर, आड की टँकर हे लिहायला विसरू नका.